रक्त परत येतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडली, की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मिनिटभरातच आकुंचन पावेनासा होतो. पण लगेच मरत नाही. साधारण २० मिनिटांत रक्त परत मिळालं तर बहुतेक पेशी सावरतात. त्यानंतर मात्र पेशी मरू लागतात, त्याही आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे. कारण आतल्या थरावर ताण जास्त आणि रक्त तिथं सगळ्यात शेवटी पोचतं.

वाहिनी उघडली म्हणजे सुटलो, असंही नाही. रक्त बंद असताना पेशीत आम्ल साचतं. रक्त परतलं की ते काही मिनिटांत धुऊन जातं, कॅल्शियम आत लोटतं, आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या पडद्यांना भोकं पडतात. तग धरलेल्या पेशी अशा वेळी मरतात. कधी मोठी वाहिनी मोकळी दिसते, पण सुजलेल्या बारीक केशवाहिन्यांतून रक्त पुढे सरकतच नाही.

हे टाळता येईल का? १९८६ साली कुत्र्यांवर प्रयोग झाला. वाहिनी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, असं चार वेळा केलं आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. आधी असं न करता थेट वाहिनी बंद केलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत मेलेला स्नायू एक चतुर्थांशावर आला! मग माणसांत दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून-सोडून असंच करून पाहिलं. २०१९ च्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मात्र मृत्यू कमी झाले नाहीत, हृदय निकामी होऊन दाखल होणंही कमी झालं नाही. त्यामुळे आजही सगळ्यात भरवशाचं संरक्षण म्हणजे वाचवलेली मिनिटं.

छातीत दडपण, घाम, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरणं, किंवा मधुमेहींना नुसती धाप. असं झालं तर अॅम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवू नका, जिनेही चढू-उतरू नका. हालचालीनं हृदयाची रक्ताची गरज वाढते. अॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर अॅम्ब्युलन्सच्या फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खा. गिळलेली गोळी उशिरा लागू पडते.

दवाखान्यात दहा मिनिटांत ईसीजी व्हावा. झटक्याचं निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा विचार होतो. ते जितकं लवकर, तितका स्नायू वाचतो. म्हणून दुखणं किती वाजता सुरू झालं, ते कागदावर लिहून सोबत न्या.