बॅकग्राउंड फेकून देऊ नका

विषय ठरलाय 'न्यूट्रिनोला वस्तुमान असतं हे कसं कळलं', न्यूट्रिनो म्हणजे सहसा कशालाच न अडकणारा इवलासा कण, तिकडे येतेच, पण आधी बॅकग्राउंडबद्दल बोलू द्या, कारण इतकी वर्षं यात काढल्यावर माझं पक्कं मत झालंय की आमचं निम्मं शास्त्र बॅकग्राउंडमधूनच निघालंय.

बॅकग्राउंड म्हणजे नको असलेला सिग्नल. सूर्याकडून आलेले साधारण सहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातायत आणि नखाला पत्ता नाही! त्यातला एखादा कुठेतरी धडकला तर तो पकडायचा, म्हणून आम्ही खाणीत जाऊन बसतो, वरून येणारे म्युऑन नावाचे कण बहुतेक खडकातच अडकतात. पण खाणीत रेडॉन हा किरणोत्सारी वायू असतो. आणि न्यूट्रिनो धडकल्यावर उठणारा मंद प्रकाश ज्या ट्यूबने टिपायचा तिच्या काचेतच पोटॅशियम, त्यातलं थोडं किरणोत्सारी. म्हणजे राखणदारच रात्रभर खोकतोय.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे अशाच प्रकाश टिपणाऱ्या, फोटोमल्टिप्लायर ट्यूब तपासायचं काम होतं. ट्यूब डार्क बॉक्समध्ये, सगळ्या सांध्यांवर काळी टेप, मग हाय व्होल्टेज द्यायचं. पूर्ण अंधारातही ट्यूब थोडे काउंट देतेच, पण माझे काउंट रोज दुपारी तीनच्या सुमारास वाढायचे आणि संध्याकाळी गपचूप खाली यायचे. गाईड म्हणाले, दुपारचा डेटा कापून टाक, पुढे चल. माझं मन मानेना. आधी वाटलं उष्णता, कारण तापमान वाढलं की डार्क रेट, म्हणजे अंधारातले काउंट, वाढतातच, म्हणून बॉक्सला थर्मामीटर लावला, तर पारा सावकाश चढायचा आणि काउंट एकदम उडी मारायचे, शिवाय ढगाळ दिवशी उडी नाहीच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. रात्री खोलीतले दिवे बंद केले, काउंटरचा आवाज चालू ठेवला आणि छोटा टॉर्च घेऊन एकेक सांधा बोटाबोटाने फिरवत गेले, टिक टिक टिक, आणि केबलच्या भोकापाशी आल्यावर कर्रर्र! टेपचा कोपरा सुकून उचलला गेला होता, केसाएवढी फट, आणि दुपारचं ऊन खिडकीतून नेमकं तिथेच पडायचं. चार महिने गेले यात, आणि थिसिसमध्ये त्याचं एक वाक्य झालं, 'प्रकाशगळती दूर केली'. याचा मला आजही राग येतो. कारण हे कुठे लिहिलंच जात नाही, मग पुढचा विद्यार्थी परत पहिल्यापासून तीच फट शोधत बसतो.

आता कामिओकांडे बघा. जपानमधल्या खाणीत 3,000 टन पाणी, 1983 मध्ये सुरू, कशासाठी तर प्रोटॉन फुटतो का बघायला. प्रोटॉन काही फुटला नाही. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो मात्र मध्ये मध्ये यायचे, ते त्यांचं बॅकग्राउंड, वजा करायचं म्हणून मोजलं, तर म्युऑन-न्यूट्रिनो ही त्यांची एक जात अपेक्षेपेक्षा कमी. आणि 1987 च्या फेब्रुवारीत त्याच टाकीत सुपरनोव्हाचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, 11 न्यूट्रिनो सापडले. किंवा रे डेव्हिस हे शास्त्रज्ञ घ्या, अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची अवाढव्य टाकी, त्यातून न्यूट्रिनो धडकून तयार झालेले आर्गॉनचे मोजके अणू काढायचे, 1968 पासून सूर्याचे न्यूट्रिनो हिशोबाच्या साधारण एक तृतीयांशच येतायत. सगळे म्हणाले तुमचं मोजणं चुकलंय. त्यांनी स्वतः मोजून आर्गॉन टाकीत सोडला आणि परत काढून दाखवला! नोबेल मिळालं 2002 मध्ये.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. बरं, पटकन सांगते.

न्यूट्रिनोच्या तीन जाती, आणि प्रवासात ते एकातून दुसऱ्यात बदलत राहतात. ही ये-जा व्हायची तर त्यांची वस्तुमानं वेगवेगळी हवीत, म्हणजे सगळीच शून्य असून चालणार नाही. 1998 मध्ये सुपर-कामिओकांडेने, 50,000 टन पाणी, दाखवलं की पृथ्वी पार करून खालून येणारे म्युऑन-न्यूट्रिनो साधारण निम्मेच उरतात. मग कॅनडातल्या एसएनओ या प्रयोगाने जड पाणी वापरून 2002 मध्ये तिन्ही जाती एकत्र मोजल्या, सूर्याचा हिशोब बरोबर निघाला, डेव्हिसचंही मोजणं बरोबर निघालं. पण यातून कळतो तो वस्तुमानांच्या वर्गांमधला, म्हणजे स्क्वेअरमधला, फरक, प्रत्यक्ष वस्तुमान नाही. त्यासाठी जर्मनीत कॅट्रिन हा प्रयोग आहे, तिथे आता 0.45 इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी, इथवर पोचलेत. आणि डार्क मॅटर, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, शोधणाऱ्यांच्या झेनॉनच्या टाक्यांमध्ये 2024 मध्ये सूर्याचे न्यूट्रिनो दिसायला लागल्याच्या खुणा मिळाल्या, आता आमचा न्यूट्रिनो त्यांचं बॅकग्राउंड झालाय!

प्रश्न बाहेर घेते. एक जुनी ट्यूब आणलीये, टेबलावर आहे, हातात घेऊन बघा, फक्त मागच्या पिनांना धरू नका, लगेच वाकतात.