खेळ यंत्रातून बाहेर आला ती पिढी

मंडळी, गेमिंग कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांच्या, आजवर नऊ पिढ्या मानल्या जातात. पहिली १९७२ साली अमेरिकेत मॅग्नावॉक्स ओडिसीने सुरू झाली. नववी २०२० च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांनी. यांतली सर्वांत महत्त्वाची कोणती, असं विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. ज्यांचं बालपण मारिओ आणि कॉन्ट्रा खेळण्यात गेलं ते तिसरी म्हणतात. जे प्लेस्टेशनवर वाढले ते पाचवी म्हणतात. दोन्ही उत्तरांमागे प्रेम आहे आणि दोन्हींना भक्कम आधारही आहे. माझं उत्तर मात्र दुसरी पिढी हे आहे, म्हणजे साधारण १९७६ ते १९८३ हा काळ. आपल्याकडे ती यंत्रं फार कुणी पाहिलीही नाहीत, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर बोलणार आहे.

माझा निकष आधी सांगतो. चित्र किती सुबक आणि विक्री किती कोटींची, हे मी नंतर बघतो. आधी बघतो ते हे, की त्या पिढीत असं काय ठरलं जे पुढच्या कुणालाच मोडता आलं नाही.

राल्फ बेअर यांनी घडवलेल्या ओडिसीत मायक्रोप्रोसेसर नव्हता आणि आवाजही नव्हता. पडद्यावर प्रकाशाचे दोन-तीन ठिपके आणि एक रेघ दिसे. टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक प्लास्टिक चिकटवायचं, की त्याच ठिपक्यांचं कधी टेनिस व्हायचं, कधी आणखी काही. खेळ बदलायला त्यात एक कार्ड घालावं लागे, पण त्या कार्डात खेळ नसायचाच. यंत्रातल्या तारा वेगळ्या पद्धतीने जोडण्यापुरतं ते कार्ड. सगळे खेळ कारखान्यातून बाहेर पडतानाच यंत्रात बंद होते. पुढे घराघरांत आलेली पाँग या टेनिससारख्या खेळाची यंत्रंही तशीच. खेळाचा कंटाळा आला की यंत्र माळ्यावर जाणार, दुसरा मार्ग नाही.

ही स्थिती मोडली ती फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनल एफ या यंत्राने, १९७६ साली. त्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन, त्या काळात सिलिकॉन व्हॅलीत काम करणाऱ्या अगदी मोजक्या कृष्णवर्णीय अभियंत्यांपैकी एक. खेळाचा प्रोग्राम एका रॉम चिपवर, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपवर लिहायचा, ती चिप प्लास्टिकच्या डबीत बसवायची आणि ग्राहकाने ती डबी हवी तेव्हा घालायची, काढायची. आज हे ऐकून कुणी चकित होणार नाही. पण तेव्हा प्रश्न फार व्यावहारिक होते. घरातलं पोर ती डबी शेकडो वेळा आत-बाहेर करणार, तर टोकं झिजणार नाहीत का? हाताच्या स्थिर विजेने चिप जळाली तर? यंत्रामुळे शेजारच्या टीव्हीत खरखर आली तर सरकारी परवानगी मिळेल का? लॉसन यांच्या चमूने एकेक प्रश्न हातावेगळा केला. बाजारात चॅनल एफ फार चाललं नाही. पण त्या दिवसापासून यंत्र वेगळं आणि खेळ वेगळा झाला. लॉसन २०११ साली गेले. त्यांचं नाव गेमिंगच्या इतिहासात फार उशिरा घेतलं जाऊ लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, अटारीचं व्हीसीएस आलं, जे नंतर अटारी २६०० म्हणून ओळखलं गेलं. त्याची रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, १२८ बाइट. अंदाज यावा म्हणून सांगतो, यूटीएफ-८ या रोजच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे 'घरी यायला उशीर होईल, जेवून घ्या' एवढा एक निरोप लिहिला की निम्म्याहून जास्त रॅम संपली. त्यात अख्खा खेळ चालवायचा. शिवाय संपूर्ण चित्र साठवून ठेवायला त्या यंत्रात जागाच नव्हती. त्या काळच्या टीव्हीत किरण पडद्यावर एकेक ओळ रेखत खाली येई, आणि त्या प्रत्येक ओळीवर काय दिसायचं हे प्रोग्रामला आयत्या वेळी चिपला सांगावं लागे. एका ओळीसाठी प्रोसेसरला ७६ आवर्तनं, म्हणजे कामाचे ७६ ठोके मिळत. तेवढ्यात हिशेब झाला तर ठीक, नाहीतर चित्र फाटलं.

आणि चिप बनवली होती कशासाठी? पाँग आणि रणगाड्यांच्या खेळासाठी. म्हणून हलत्या वस्तूंपैकी तिला ठाऊक होते दोन खेळाडू, दोन गोळे आणि एक चेंडू. एवढंच! तरीही प्रोग्रामरनी त्यावर स्पेस इन्व्हेडर्स उतरवला, त्यात परग्रहवासीयांची फौजच्या फौज ओळींनी खाली येते. १९८२ च्या पिटफॉलमध्ये तर माणूस जंगलातून धावतो, वेलीला लोंबकळतो, मगरींच्या डोक्यांवर उड्या मारतो. यंत्राच्या कर्त्यांच्या डोक्यात यातलं काहीही नव्हतं. यंत्र एकाने बनवलं आणि खेळ दुसऱ्याने, म्हणूनच हे शक्य झालं. यंत्र तेच राहिलं आणि खेळ वर्षागणिक त्याच्या पुढे जात राहिले. कन्सोलच्या आयुष्याची ही चाल दुसऱ्या पिढीत पडली आणि आजही तीच आहे.

याच पिढीत आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती त्याहून मोठी आहे. खेळ यंत्रापासून सुटला, तेव्हा प्रश्न उभा राहिला की हा खेळ लिहिला कुणी? अटारी आपल्या प्रोग्रामरची नावं छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ एकट्याने लिहिला आणि त्यात एक गुप्त खोली ठेवली. एका ठिपक्याएवढी वस्तू शोधून योग्य ठिकाणी नेली तर ती खोली उघडते, आणि आत हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी निर्माण केला, असं लिहिलेलं दिसतं. कंपनीला पत्ता नव्हता. डेव्हिड क्रेन आणि त्यांचे तीन सहकारी मात्र सरळ बाहेर पडले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी फक्त खेळ लिहिणारी ती पहिली कंपनी. खेळाच्या माहितीपुस्तिकेत लेखकाचं नाव, फोटो आणि त्याने स्वतः खेळाडूला दिलेल्या चार सूचना असत. अटारी कोर्टात गेली, पण अ‍ॅक्टिव्हिजनला थांबवू शकली नाही. खेळाला लेखक असतो आणि प्रकाशक यंत्रवाल्याहून वेगळा असू शकतो, हे तिथे ठरलं. आजचा सगळा धंदा या दोन गोष्टींवर उभा आहे.

दोषही याच पिढीचे. कुणीही उठून यंत्रासाठी खेळ काढू लागला, दुकानं सुमार मालाने भरली, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. 'ई.टी.' या चित्रपटावरचा खेळ नाताळ गाठायचा म्हणून जेमतेम पाच आठवड्यांत उरकला गेला होता. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत पुरला गेला. २०१४ साली तिथे खोदलं तेव्हा खेळाच्या त्या डब्या खरोखर सापडल्या.

इथे तिसऱ्या पिढीचे चाहते मला अडवतात. क्योटोची जपानी कंपनी निन्टेन्डो नसती तर सगळंच संपलं असतं, असं त्यांचं म्हणणं. हे अमेरिकेपुरतं खरं आहे. जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला निन्टेन्डोचं फॅमिकॉम आलं आणि तिथे त्या मंदीची झळ लागलीच नाही. निन्टेन्डोचं खरं काम दोन जागी आहे. गुनपेई योकोई यांनी आधीच्या हातात धरायच्या छोट्या खेळांसाठी काढलेलं अधिक-चिन्हाचं बटण कंट्रोलरवर आलं, आणि डाव्या अंगठ्याची जागा कायमची ठरली. दुसरी जागा म्हणजे कुलूप. अमेरिकेत विकलेल्या एनईएसमध्ये, म्हणजे फॅमिकॉमच्याच तिथल्या रूपात, एक चिप होती. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये नसेल तर खेळ सुरूच होत नसे. बाहेरच्या कंपन्यांना निन्टेन्डोची परवानगी घ्यावी लागे आणि एका कंपनीला वर्षाला साधारण पाचच खेळ काढता येत. दुसऱ्या पिढीने दार उघडलं, तिसरीने दारावर पहारेकरी बसवला. मोबाइलवरच्या प्रत्येक अ‍ॅप स्टोअरमध्ये तो आजही उभा आहे.

आता गंमत बघा. ते कुलूप जपानी फॅमिकॉममध्ये नव्हतं. त्यामुळे त्याच्या नकला करणं सोपं झालं, आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेला 'व्हिडिओ गेम' म्हणजे बहुतेक या नकलाच. साठ पिनांची पिवळी, निळी कॅसेट, तिच्यावर '९९९९९९ इन १' असं छापलेलं आणि आत तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून. मे महिन्याच्या सुट्टीत या कॅसेटी भाड्याने मिळत. महाराष्ट्रातल्या मुलांनी तिसरी पिढी खेळली तेव्हा जपानमध्ये पाचवी चालू होती. आपल्यापैकी अनेकांना तिसरीच सर्वांत मोठी वाटते, त्याचं हे कारण आहे आणि ते प्रामाणिक आहे. मात्र त्या नकलांमागे निन्टेन्डोचा काही हेतू नव्हता. खेळ सुट्या डबीत असतो, ही लॉसन यांच्या पिढीची देणगी नसती तर साताऱ्याच्या दुकानात ती कॅसेट भाड्याने कशी मिळाली असती?

चौथी पिढी, सेगा मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेन्डोची, मला फार आवडते. तिच्यातली चित्रकला आणि संगीत आजही ताजं आहे. पण तिने तिसरीचंच काम अधिक देखणं केलं, एवढंच मी म्हणेन.

पाचवीचा दावा मात्र गंभीर आहे. निन्टेन्डोसोबतचा सीडीचा करार १९९१ मध्ये फिसकटल्यावर सोनीच्या केन कुतारागी यांनी स्वतःच्या कंपनीचं यंत्र काढायचं ठरवलं, आणि ३ डिसेंबर १९९४ ला प्लेस्टेशन आलं. सीडीवर ६५० एमबी मावत आणि ती छापायला स्वस्त. निन्टेन्डो ६४ च्या कॅसेटची कमाल मजल ६४ एमबी, आणि ती महाग. 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर आला, तो कॅसेटवर मावलाच नसता. ग्राहकाला कमी किमतीत मोठा खेळ मिळाला आणि प्रकाशकाचा धोका घटला.

त्याहून खोल बदल डोळ्यांचा होता. खेळ त्रिमितीत गेला, तेव्हा बघायचं कुठून, हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये याचं उत्तर फार सुंदर दिलं आहे. ढगावर बसलेलं एक पात्र कॅमेरा घेऊन मारिओच्या मागे फिरतं आणि खेळाडूला सुरुवातीलाच त्याची ओळख करून दिली जाते. कॅमेरा नावाची गोष्ट या जगात आहे, हे कथेतूनच शिकवलं. १९९८ च्या 'झेल्डा'मध्ये एक बटण दाबून नजर शत्रूवर खिळवायची सोय झाली. १९९७ मध्ये सोनीच्या कंट्रोलरवर दोन काड्या आल्या. पुढे एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने बघायचं, हा जगभरच्या हातांचा सराव झाला. माझ्या निकषावर हे पूर्ण उतरतं, कारण तेही पुढे कुणी मोडलेलं नाही. म्हणून पाचवीला मी दुसरं स्थान देतो. पहिलं देत नाही, कारण त्रिमिती कधी ना कधी येणारच होती, संगणकांवर ती येतच होती. खेळ यंत्रापासून वेगळा होण्यासाठी मात्र कुणीतरी तो विचार करावा लागला.

सहावीविषयी आपल्याकडच्या आठवणीपुरतं बोलतो. प्लेस्टेशन २ जगात १५ कोटींहून जास्त विकलं गेलं आणि भारतात ते फार उशिरापर्यंत टिकलं. २००९ मध्ये, प्लेस्टेशन ३ हे नवं यंत्र येऊन काही वर्षं झाल्यावर, हैदराबादेत बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' त्यावर आला. कबड्डी आणि पतंगबाजीसारख्या आपल्या खेळांचा 'देसी अड्डा'ही त्याच वर्षीचा.

सातवीने इंटरनेटवरून विक्री रुळवली, आणि त्याने खेळाचा एकटा लेखक परत आला. जोनाथन ब्लो यांचा 'ब्रेड' २००८ मध्ये दुकानात डबी न ठेवता एक्सबॉक्सवर गाजला. त्याच वाटेने २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' निन्टेन्डो स्विचवर पोचला. छोट्या चमूचा, आपल्या पुराणांतून उचललेला खेळ क्योटोच्या कंपनीच्या यंत्रावर आधी येतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९७९ मध्ये चार प्रोग्रामर बाहेर पडले नसते, तर ही वाट कुणी घातली असती कोण जाणे.

आठवी आणि नववीतला फरक सांगायला मलाही वेळ लागतो. प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे खेळ ५ वर चालतात. पिढी नावाची भिंतच विरघळते आहे, आणि ते बरं आहे. पण एका गोष्टीने मी अस्वस्थ आहे. नववीतल्या काही यंत्रांना डिस्क घालायची फटच नाही. खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि आपल्या खात्याला बांधलेला असतो. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं, आणि फक्त तिथेच मिळणारे खेळ त्या यंत्रांवर विकत घेणं त्या दिवसापासून अशक्य झालं. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने दाखवून दिलं की अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात उपलब्धच नव्हते. १९७७ ची अटारीची डबी मात्र यंत्रात घातली की अजून चालते, तिला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून दहावी पिढी येईल तेव्हा तिच्या चित्रांआधी मी एवढंच विचारणार आहे, की मी विकत घेतलेला खेळ दुकान बंद झाल्यावर उघडेल का. तुमच्यापैकी जे हे खेळ लिहिणार आहेत, त्यांनीही करारावर सही करण्याआधी हा प्रश्न विचारावा.