अकरा चिंचोके

(दृश्य – ड्रोनमधून केळीची बाग, मग हळूहळू मैदान)

पाच फुटांवर झाड, पाच फुटांवर ओळ. केळीची बाग वरून अशी दिसते. लागवडीच्या दिवशी दोरी नीट धरली नाही, तर ठिबकची नळी वाकडी जाते आणि घड उतरवायला आत माणूस शिरत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

बागेच्या पलीकडे हे मैदान. त्यावर बावीस पोरं-पोरी, एक चेंडू, आणि त्या चेंडूमागे धावणारी वीस जणं. दोघं गोलकीपर तेवढे आपापल्या जागी उभे आहेत.

भुसावळ. मे महिना, सकाळचे पावणेसहा. साडेआठनंतर इथे कुणी धावत नाही. दुपारी पारा 45 अंशांच्या पुढे जातो.

(दृश्य – फक्कीची गोणी, हात, रेषा)

सगळ्यांच्या आधी सर येतात. रेल्वेतून निवृत्त झाले. यार्डात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर जायची, ते सांधा बदलून ठरवायचं, हे त्यांचं काम. रुळ जागच्या जागी असतात म्हणून सांधा बदलता येतो, असं ते मुलांना सांगतात. आमच्याशी बोलतानाही त्यांनी हेच दोनदा सांगितलं.

फक्कीने रेषा मारायला त्यांना चाळीस मिनिटं लागतात. घाई करत नाहीत. आधी दोरी, मग खुंट्या, मग डब्याला पाडलेल्या भोकांतून पांढरी पूड. बाहेरच्या रेषा झाल्या की मैदानाच्या आतही रेषा पडतात. नियमांच्या पुस्तकात या आतल्या रेषा नाहीत. सर त्यांना ‘वाटे’ म्हणतात.

हिशेब साधा आहे. फुटबॉलचं पूर्ण मापाचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर. गोलकीपर सोडून दहा जण राहतात. समान वाटणी केली, तर एकेकाच्या वाट्याला सात गुंठे येतात. सात गुंठे एकट्याने राखायचे, तेही नव्वद मिनिटं, तेही खानदेशच्या मे महिन्यात. कुणी कुठे उभं राहायचं, हा प्रश्न इथे अंगाला लागतो. ज्याला आपले सात गुंठे माहीत नाहीत, तो पोरगा विसाव्या मिनिटाला पाणी मागतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

(दृश्य – दुसरे प्रशिक्षक, हातात मोबाईल)

हे सरांचे मदतनीस. वय पंचविशीच्या आसपास, रात्री उशिरापर्यंत युरोपातले सामने पाहतात. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. 4-4-2, 4-3-3 हे आकडे, म्हणजे मागून पुढे कुठल्या ओळीत किती जण, आता टीव्हीवर संघ दाखवण्यापुरते उरले. सामना सुरू झाला की कुणी त्या जागी नसतं. बचावातला बॅक पुढे, कडेचा विंगर आत, टोकावरचा स्ट्रायकर मागे. मग पोरांना जुने आकडे पाठ कशाला करायला लावायचे?

सर उत्तर देत नाहीत. खिशातून पिशवी काढतात.

(दृश्य – ओटा, चिंचोके, खडे. जवळून)

ओट्यावर अकरा चिंचोके आणि अकरा पांढरे खडे. या ओट्यावर आम्ही दोन सकाळी बसलो, कारण फुटबॉलचा दीडशे वर्षांचा प्रवास आम्हाला इथेच पाहायला मिळाला.

पहिली मांडणी. 30 नोव्हेंबर 1872, ग्लासगो. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना, तोही क्रिकेटच्या मैदानावर. इंग्लंडचे चिंचोके बघा, सात-आठ जण सगळ्यात पुढे. चेंडू घ्यायचा आणि नाकासमोर पळायचं. स्कॉटलंडने थोडे मागे ठेवले, चेंडू एकमेकांना दिला. एवढे सगळे पुढे असूनही गोल एकही झाला नाही. 0-0.

दुसरी मांडणी. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. पिरॅमिड. पुढची चाळीसेक वर्षं जग असंच खेळलं. मग 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी, चेंडू पुढे देताना, तो घेणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये विरोधी संघाचे तीन जण असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. एका माणसाचा फरक. इंग्लंडच्या पहिल्या विभागात एका मोसमात 1,192 गोल झाले होते, पुढच्या मोसमात 1,703 झाले.

(सरांचं बोट मधल्या चिंचोक्यावर)

या चिंचोक्याकडे लक्ष द्या. ऑक्टोबर 1925 मध्ये लंडनचा आर्सेनल हा संघ न्यूकॅसलकडून 7-0 असा हरला. प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन होते, आणि त्यांच्या संघात चार्ली बुकन नावाचा अनुभवी खेळाडू. बुकनचा आग्रह होता की मधल्या ओळीतला मधला माणूस खाली आणून दोन बॅकच्या बरोबर उभा करा. तो खाली आला. पुढच्या पाचांतले दोघे थोडे मागे सरकले. तीन, दोन, दोन, तीन. वरून पाहिलं तर इंग्रजी डब्ल्यू आणि एम ही दोन अक्षरं दिसतात. पुढच्याच सामन्यात आर्सेनलने वेस्ट हॅमला 4-0 हरवलं, आणि काही वर्षांत सगळं इंग्लंड तसंच उभं राहू लागलं.

(दृश्य – चिंचोके आणि खडे समोरासमोर)

आता समोर पांढरे खडे. 25 नोव्हेंबर 1953, वेम्बली. इंग्लंड विरुद्ध हंगेरी. इंग्लंडच्या मधल्या बॅकचं, हॅरी जॉन्स्टनचं काम ठरलेलं होतं, नऊ नंबरच्या खेळाडूला धरायचं. हंगेरीचा नऊ नंबर नांदोर हिदेगकुती. तो पुढे थांबेचना. मागे यायचा, मधल्या फळीत मिसळायचा. त्याच्या मागे जावं तर बॅकमध्ये भगदाड, न जावं तर तो मोकळा. जॉन्स्टन शेवटपर्यंत या कोड्यात राहिला. हंगेरी 6, इंग्लंड 3. हिदेगकुतीचे तीन गोल.

इथे मदतनीस हसले. हेच तर मी म्हणतोय सर, जागा सोडली आणि जिंकले.

सरांनी हिदेगकुतीचा खडा परत पुढे ठेवला. म्हणाले, नऊ नंबरची जागा कोणती, हे सगळ्या स्टेडियमला माहीत होतं, म्हणून ती सोडण्याला किंमत आली.

आमच्या मते या चर्चेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, म्हणून ते कापलं नाही.

(दृश्य – एक चिंचोका मागच्या ओळीतून उचलला जातो)

शेवटची जुनी मांडणी आपली आहे, भारताची. 1962, जकार्ता, आशियाई खेळ. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. 1951 मध्ये दिल्लीत याच स्पर्धेचं सुवर्ण आणि 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, ही दोन्ही त्यांच्याच संघांची कामगिरी. जकार्तात साखळीत दक्षिण कोरियाने भारताला 2-0 हरवलं होतं. थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचाव फळीचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. बाद फेरीत रहीमसाहेबांनी त्याला मागून उचलून थेट पुढे ठेवला, सेंटर फॉरवर्ड म्हणून. मागची जागा रिकामी ठेवली नाही, ती अरुण घोषने सांभाळली. अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. भारत 2, कोरिया 1.

रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. जून 1963 मध्ये ते गेले.

(निवेदन नाही. सर चिंचोके गोळा करतात. दहा सेकंद.)

(दृश्य – मोबाईलचा पडदा, मग पुन्हा ओटा)

आता मदतनिसांची पाळी. त्यांनी इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी संघाचा 2022-23 चा मोसम मांडला. प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला. बचावात चार जण. पण चेंडू हातात आला, की जॉन स्टोन्स बचाव सोडून रॉड्रीच्या शेजारी मधल्या फळीत. मागे उरले तीन. मध्ये दोन, त्यांच्या पुढे आणखी दोन, कडेला दोन विंगर आणि टोकावर हालांड. चेंडू गेला, की स्टोन्स परत मागे. एका सामन्यात तीन-तीन आकृत्या. त्या मोसमात सिटीने इंग्लंडची लीग, तिथलाच एफए कप आणि युरोपातली चॅम्पियन्स लीग, तिन्ही स्पर्धा जिंकल्या.

चिंचोके मांडून झाले. सर थोडा वेळ बघत राहिले, मग मोजू लागले. मागे तीन. पुढे दोन. त्यांच्या पुढे दोन. सगळ्यात पुढे तीन.

तीन, दोन, दोन, तीन.

शंभर वर्षांपूर्वीच्या आर्सेनलचे चिंचोके होते, तिथेच येऊन बसले होते.

दोन्ही संघ सारखे खेळत, असा याचा अर्थ नाही. चॅपमनचे खेळाडू आपापल्या जागी राहून खेळत, ग्वार्दिओलांचे जागा बदलून तिथे पोचतात. आकडा अख्खा खेळ सांगत नाही, हे मदतनिसांचं म्हणणं आम्हालाही पटतं. पण हे आकडे म्हणजे नुसते टेलिफोन नंबर, असं म्हणून ते मोडीत काढणाऱ्यांनी लंडनच्या चेल्सी संघाचं 2016 आठवावं. सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून 3-0 हार. प्रशिक्षक अँतोनियो काँते यांनी मागे चाराऐवजी तीन बॅक ठेवले, कडेने पुढे-मागे धावणारे दोन विंगबॅक दिले. मोसमाच्या मध्यावर नवे खेळाडू विकत आणले नव्हते, माणसं तीच होती. लीगमधले पुढचे सलग 13 सामने चेल्सीने जिंकले, आणि मोसमाअखेर विजेतेपदही.

(दृश्य – रविवारचा सामना, ड्रोन)

रविवार. जळगावचा संघ आला आहे. निळ्या जर्सीत आपली पोरं.

ही तीन नंबर. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडची बचावपटू, इयत्ता नववी, या संघातली सगळ्यात वेगवान खेळाडू. मोबाईलवर तिने पाहिलंय की आजकालचे बॅक आत येतात. आली. चेंडू छान घेतला, पासही छान दिला. पुढचा पास चुकला.

आता चित्र थांबवू. वरून बघा. डावीकडे मैदानाचा हा अख्खा तुकडा. पंधरा गुंठे तरी असतील. निळा एकही नाही.

(पाच सेकंद शांतता. चित्र पुन्हा सुरू. गोल.)

दुसरा गोलही असाच गेला. कडेवरून कुणीतरी ओरडलं, “काय करू राह्यली तू? मागे ये ना!” सर ओरडले नाहीत.

मध्यंतराला त्यांनी तिला बाजूला घेतलं. तिथे माईक होता.

“आत जायचं तर जा, बेटा. मी नाही म्हणत नाही. पण जाताना तुझी जागा कुणाच्या हवाली केली, ते सांगून जा.”

मग सहा नंबरला बोलावलं. “भो, ही आत आली की तू काय करायचं?” तो गप्प. सरांनी बाटलीतल्या पाण्याने मातीवर दोन ठिपके काढले, एक बाण असा, एक बाण तसा. ठिपके वाळायच्या आत दोघांना समजलं होतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या पोरांपैकी बहुतेकांनी फुटबॉल पाहिला तो मोबाईलवर, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. त्या तुकड्यात स्टोन्स पुढे जाताना दिसतो. तो गेल्यावर मागे कोण सरकलं, ते तुकड्याबाहेर राहतं. सरांचे फक्कीचे वाटे नेमकं तेवढं दाखवतात. ठरलेली जागा आधी, ती सोडायची रीत नंतर, हा क्रम आम्हाला बरोबर वाटतो. तो मराठीत, इथल्या भाषेत, इथल्या मैदानावर शिकवणारा माणूस आहे, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

सामना 3-2 असा गेला. निवड चाचणीसाठी संघातल्या दोघांना बोलावणं आलं, तीन नंबरला नाही.

(दृश्य – सोमवार, पहाट. मैदानामागून मालगाडी)

सोमवार. पावणेसहा. रविवारच्या रेषा पुसट झाल्यात, सर पुन्हा दोरी धरून बसलेत. आज दोरीचं दुसरं टोक मदतनिसांच्या हातात आहे. मोबाईल ओट्यावर, चिंचोक्यांच्या पिशवीशेजारी.

सात वाजून वीस मिनिटं. चेंडू निळ्यांकडे. तीन नंबर आत यायला निघाली.

थांबली. मागे वळून पाहिलं. हात वर केला.

आता तिच्याकडे नका बघू. सहा नंबरकडे बघा.

(निवेदन संपतं. ड्रोन वर जातो. चित्र चाळीस सेकंद, फक्त मैदानाचे आवाज.)