कोनं काई केलं तं नसन?

(आर्वी तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. विषय तुम्हीच निवडा असं मला सांगितलं, तेव्हा मी एका अमेरिकन मालिकेचं नाव घेतलं. 'बफी द व्हँपायर स्लेअर'. भुतंखेतं, व्हँपायर आणि त्यांच्याशी लढणारी शाळा-कॉलेजातली पोरं. १९९७ ते २००३ ही मालिका चालली. सात सीझन, १४४ भाग. नागपूरला होस्टेलवर असताना मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी ती पहिल्यांदा पाहिली. यंदा मे महिन्यात कूलरसमोर बाज टाकून तिचा पाचवा सीझन पुन्हा पाहिला. सोबत माझी चौदा वर्षांची भाची होती. तिची आजी, म्हणजे आमची माय, फेब्रुवारीत गेली.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांना थोडक्यात सांगते. सनीडेल हे कॅलिफोर्नियातलं काल्पनिक गाव, आणि त्याच्या पोटात नरकाचं तोंड. बफी ही मुलगी दिवसा शिकते, रात्री कब्रस्तानात व्हँपायरांच्या छातीत लाकडी खुंटी मारते. पाचव्या सीझनमध्ये तिच्यापुढे ग्लोरी नावाची नरकातली देवता उभी आहे. होस्टेलवर आम्ही ग्लोरीसाठीच हा सीझन पाहायचो. या वेळी माझं लक्ष बफीच्या आईवरून हटलंच नाही.

आई, जॉइस, सीझनच्या सुरुवातीपासून डोकं दुखतं म्हणते. बफीला वाटतं, हे साधं दुखणं नाही, कोणीतरी जादू केली आहे. म्हणून ती घरातच एक विधी करते. त्या तंद्रीत कुठे कोणाची जादू आहे ते दिसतं. ती आईकडे निरखून पाहते. आईवर कसलीच जादू नसते. जादू असते धाकट्या बहिणीवर, डॉनवर. पण तो सीझनचा दुसरा धागा, त्यात मी आज शिरत नाही. आईला निघते मेंदूत गाठ. ऑपरेशन होतं, गाठ निघते, घर हसायला लागतं.

पहिल्यांदा पाहताना हा विधीचा प्रसंग मी विसरूनही गेले होते. यंदा तिथं मी मालिका थांबवली आणि उठून पाणी प्यायले.

कारण आमच्या घरी तेच झालं होतं. माय ओसरीवर तूर पाखडत बसली होती. मी मागं न्हाणीत होते. बाहेर आले तर सूप पालथं, तूर ओसरीभर, आणि माय भिंतीला टेकलेली. १०८ ला फोन केला, गाडी आली, पण काही उरलं नव्हतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. बीपीच्या गोळ्या तिनं पोळ्याच्या सुमारासच सोडल्या होत्या, हे आम्हाला नंतर डब्यातल्या पट्ट्या मोजल्यावर कळलं.

तेरवीच्या आतच बायका कानाशी बोलायला लागल्या. "काल तं चांगली होती वं माय. कोनं काई केलं तं नसन?" आणि नजरा वळल्या त्या घराकडे, ज्यांच्याशी आमचं शेताच्या धुऱ्यावरून भांडण आहे. त्या घरच्या म्हातारीकडे. मंडळी, मी शिकवते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मी वर्गात समजावून सांगते. अमुक माणूस करणी करतो असं म्हणणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. तरी एक रात्र मला ते खरं वाटावंसं वाटलं. करणी असती, तर कोणावर तरी राग काढता आला असता. गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्यांवर राग कसा काढायचा?

त्या म्हातारीनं आणि मायनं तीस वर्षं सोबत कापूस वेचला होता. त्या कुजबुजीमुळे ती तेरवीला आली नाही.

आता याच सीझनचा सोळावा भाग. जॉस व्हेडन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, २७ फेब्रुवारी २००१ ला दाखवला गेलेला. बफी घरी येते, आईला हाक मारते. आई सोफ्यावर आहे, डोळे उघडे. मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली. शंभराच्या घरात भाग झालेल्या या मालिकेत माणसं मरतात ती राक्षसांच्या हातून. इथं आईला मारणारा राक्षस नाही. अख्ख्या भागाला पार्श्वसंगीत नाही. मला हे फार मोठं वाटतं. संगीत असलं की रडायचं कधी ते आपल्याला सांगितलं जातं. इथं नुसते आवाज ऐकू येतात. बफीला उलटी होते आणि ती त्यावर कागदी रुमाल टाकते, तो ओला डाग कागदावर पसरताना आपण पाहत राहतो. मी ओसरीवरची तूर गोळा करत बसले होते, दाणा न दाणा, माणसं दारात उभी असताना. तेव्हा मला माझीच लाज वाटली होती. त्या कागदी रुमालापाशी ती लाज गेली.

आन्या नावाचं पात्र हजार वर्षं सूड उगवणारी राक्षसीण होती, आता माणूस झाली आहे. एवढी मरणं पाहिलेली ती, या मरणापाशी मात्र लहान पोरीसारखी विचारत राहते, की हे होतं तरी कसं, आणि आता ती परत का येत नाही. मालिकेत जादू येणारी माणसं आहेत, बळ असलेली माणसं आहेत. कोणाचाच उपयोग नाही, आणि दोष द्यायला कोणी सापडत नाही. लेखकानं ती जागा तशीच रिकामी ठेवली. ती भरायचा मोह किती जबर असतो ते मी आमच्या अंगणात पाहिलं आहे.

शेवटी डॉन एकटीच शवागारात जाते. आईला पाहायला तिला कोणी नेलेलं नसतं. चादर सरकते. ही खरी ती नाही, ती गेली, असं बफी सांगते. कुठे गेली, असं डॉन विचारते आणि हात पुढं करते. बोट गालाला लागणार, तोच भाग संपतो.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. कूलरचं पाणी संपलं होतं, नुसता पंखा घरघरत होता.

"मावशी, हात लावला का मंग तिनं?"

"दाखवलंच नाही."

"मले तं आजीजवळ कोनी जाऊच नाही देल्लं," ती म्हणाली.

खरं होतं. पोरांना आम्ही मागच्या घरी नेऊन बसवलं होतं. मग मी तिला सांगितलं, जेवढं मला आठवत होतं तेवढं. की आजीचा हात गार नव्हता झालेला अजून. की बोटांच्या पेरांत तुरीची भुकटी होती, आणि तिला न्हाऊ घालताना ती मी ओल्या फडक्यानं पुसली. तिनं विचारलं, पूर्ण निघाली का. मी म्हटलं, नखांतली राहिली.