पॉलिसीत मालक कुठे असतो?

नमस्कार मंडळी. हिंगणा रोडवर माझं लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शटर. चार पोरं कामाला, पाचवा मी. मालक असलो तरी ग्राइंडर माझ्याही हातात असतो. आपल्या एमआयडीसीत नुसतं केबिनमध्ये बसणारे मालक मोजकेच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ग्राइंडरचं चाक फुटलं अन् माझं मनगट फाटलं. नऊ आठवडे हात गळ्यात. त्याआधी आमच्या एका पोराच्या पायावर लोखंडी अँगल पडला होता, तेव्हा त्याला भरपाई मिळाली, कारण कामगारांची पॉलिसी मी दरवर्षी भरतो. माझ्या वेळी तीच पॉलिसी उघडून बसलो. नाव माझं होतं, पण हप्ता भरणारा म्हणून.

1923 सालच्या भरपाई कायद्यापासून हिशेब हाच आहे: कामावर इजा झाली, तर मालकानं कामगाराला द्यायचं. मालकच जखमी झाला तर त्याला कोण देणार? सुतार, प्लंबर, ऑटोवाला, सगळे याच फटीत.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्वतःचा धंदा करणाऱ्याला कामगार-भरपाईच्या सरकारी व्यवस्थेतच ऐच्छिक संरक्षण विकत घेता येतं. महिन्याच्या कमाईचा आकडा ठरवायचा, हप्ता त्यावर बसतो. आपल्याकडे तशी खिडकी नाही, जुळवाजुळव करावी लागते.

बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना अवश्य घ्या. अपघाती मृत्यूला 2 लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला तर 1 लाख. माझा हात गेला नव्हता, नुसता बंद होता. म्हणजे शून्य. गाडीच्या विम्यातलं मालक-चालकाचं 15 लाखांचं संरक्षणही गाडीच्या अपघातापुरतंच.

म्हणून वैयक्तिक अपघात विमा घेताना एजंटाला एवढंच विचारा, "काम बंद राहील तेवढे आठवडे पैसे मिळतील का?" याला साप्ताहिक भरपाई म्हणतात. बऱ्याच पॉलिसींत विमा रकमेच्या 1 टक्का दर आठवड्याला देतात, वर कमाल मर्यादा असते. कुठे ती मूळ पॉलिसीत असते, कुठे जास्तीचा हप्ता भरून जोडावी लागते.

खरी गोम फॉर्ममध्ये आहे. धंद्याच्या रकान्यात 'व्यापार' लिहिलं की हप्ता कमी बसतो. हातानं मशीन चालवणाऱ्याची जोखीम वेगळी धरतात, अन् दाव्याच्या वेळी तोच रकाना काढून दाखवतात. दुसरं म्हणजे विम्याची रक्कम उत्पन्न पाहून ठरते. रिटर्नमध्ये कमाई आखडून दाखवली असेल, तर इथेही तेवढाच विमा मिळतो. (हे बोलताना मी स्वतःचीच जीभ चावतोय, बरं का.)

यंदा फॉर्म बायकोनं भरला. आधी लिहिलं 'मालक', मग खोडून 'वेल्डर'. हप्ता वाढला. ती म्हणाली, "वाढू द्या."

नमस्कार.