मुकादमाच्या ओळखी, आपल्या ओळखी

नमस्कार, श्रोतेहो.

१९९४ साली नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात लागले. टेबलावर मस्टर, शिक्क्यांचा डबा आणि पीएफच्या फॉर्मांचा गठ्ठा. खात्याला तेव्हा पर्सोनेल म्हणायचे. पुढे पाटी बदलून एचआर झालं, मस्टर जाऊन बोट टेकवायचं यंत्र आलं, आणि मी मात्र त्याच कामात जवळजवळ तीस वर्षं काढली. आज या कामात नव्याने आलेल्यांशी बोलायचं आहे. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही, पगार सगळ्यांचाच कुठल्यातरी एचआरच्या हातून निघतो.

कारखान्यात एचआरच्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण कोणती, माहीत आहे? डबा कुठे बसून खायचा. कामगारांच्या टेबलाशी बसलं, की साहेबांना वाटतं ही तिकडे फुटली. साहेबांबरोबर बसलं, की युनियनला वाटतं काहीतरी शिजतंय. मी बरीच वर्षं माझ्या खुर्चीतच जेवले. कोणाचा पगार किती, कोणाची चौकशी लागणार, कोणती लाइन बंद होणार, हे सगळं पोटात ठेवायचं. मशीन अडलं तर प्रॉडक्शनवाला शेजारच्या शॉपमधल्याला हाक मारतो. आमच्याकडे, आणि लहान कारखान्यात तर खास करून, खात्यात माणूसच एक. त्याने विचारायचं कोणाला? म्हणून हे काम शिकायचं ते कंपाउंडच्या भिंतीबाहेरच्या माणसांकडून.

आता कोणी म्हणेल, म्हणजे नेटवर्किंगच ना? हो, तेच. पण या शब्दापाशी मी जरा अडखळते, आणि त्याला कारण आपल्या धंद्याच्या जन्मात आहे.

मुंबईच्या कापड गिरण्या डोळ्यांपुढे आणा. शंभर वर्षांपूर्वी तिथे भरती करायचा मुकादम. इंग्रजीत त्याला जॉबर म्हणत. त्याच्याइतक्या ओळखी कोणाच्या असणार! रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून तो आपल्या गावची पोरं आणायचा. राहायची खोली, खानावळ, उधारी, सगळ्यांशी त्याची ओळख. पण खात्यात चिकटायचं तर त्याचा हात ओला करावा लागे. त्याला दस्तुरी म्हणत. बदलीवर आलेल्याला आज काम मिळणार की नाही, हे सकाळी त्याच्या मर्जीवर. १९३१ साली कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे व्हिटली आयोगाचा अहवाल आला. त्यात स्पष्ट सांगितलं की भरती जॉबरच्या हातातून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. पाठोपाठ १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने तंट्यांत कामगारांची बाजू पाहायला सरकारी लेबर ऑफिसरही आला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४९ आलं: पाचशे किंवा जास्त कामगार असले, तर कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे.

म्हणजे बघा, ओळखीचा बाजार मोडायला ज्या माणसाची खुर्ची तयार झाली, त्यालाच आज आपण सांगतोय की ओळखी वाढव. हसू येतं. पण ओळख आणि ओळख यात फरक आहे. मुकादम ओळख विकत होता.

माझी या धंद्यातली पहिली खरी ओळख झाली लेबर कोर्टाच्या बाकावर. एका कामावरून काढलेल्या कामगाराच्या दाव्यात तारीख होती. नंबर लागेना. शेजारी एक वयस्क पर्सोनेल मॅनेजर, मांडीवर फायलींची चळत. त्याच सुमाराला आमच्याकडे युनियनचं मागणीपत्र आलं होतं आणि महागाई निर्देशांकाला जोडलेला भत्ता कसा काढतात, ते मला नीट कळत नव्हतं. साहेबांना विचारायची लाज. या गृहस्थांना मी दबकत विचारलं. त्यांनी कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा मागवला आणि एका जुन्या चलनाच्या पाठीवर सगळा हिशेब मांडून दिला: पॉइंट म्हणजे काय, दर पॉइंटला किती पैसे, तीन वर्षांनी तो आकडा कुठे जातो. शेवटी म्हणाले, “आकडा बेसिकमध्ये देताय की भत्त्यात, ते आधी ठरवा. ग्रॅच्युइटीत कळेल काय केलंत ते.” ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, सगळ्या भत्त्यांवर निघत नाही. तो कागद मी अजून ठेवलाय.

त्याच वर्षी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. पुणे विद्यापीठाचा कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा पदविका अभ्यासक्रम. आम्ही सगळे त्याला डीएलएल म्हणतो. दिवसभर कारखाना आणि संध्याकाळी विधी महाविद्यालयाचे बाक. शिकवणं बरं होतं, पण खरी कमाई वर्गातल्या माणसांची. एक पतसंस्थेतला कारकून, एक युनियनचा कार्यकर्ता, एक सुरक्षा कंत्राटदार, दोन माझ्यासारखे. दिवसा आम्ही टेबलाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसायचो आणि संध्याकाळी एकाच बाकावर. युनियनवाल्याच्या तोंडून औद्योगिक विवाद कायदा ऐकला, तेव्हा मला तो पहिल्यांदा समजला. मुंबईच्या श्रोत्यांना परळची संस्था माहीत असेल, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. लोखंडे म्हणजे ज्यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ते. आपल्या अभ्यासाच्या संस्थेला मालकाचं नाही, कामगार पुढाऱ्याचं नाव आहे, हे मला आवडतं. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तर १९३६ पासूनची.

संघटनांचं म्हणाल, तर आपल्याकडे दोन मोठ्या. एनआयपीएम, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट. कलकत्त्याची एक आणि मुंबईची एक अशा दोन जुन्या संस्था १९८० मध्ये एकत्र येऊन ती झाली. तिथे अजून कामगार कायदा, कोर्ट, करार यांची भाषा चालते. दुसरी नॅशनल एचआरडी नेटवर्क, १९८५ ची. तिच्यामागे प्रा. टी. व्ही. राव यांच्यासारखी माणसं होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यात राव आणि उदय पारीक या दोघांनी लार्सन अँड टुब्रोसाठी माणसांच्या विकासाचं वेगळं खातं आखून दिलं, आणि एचआरडी हा शब्द आपल्याकडे रुळला तो तिथून. म्हणून या दुसऱ्या घरात बोलणं प्रशिक्षणाचं, नेतृत्वाचं, कंपनीच्या संस्कृतीचं. तुमचा कारखाना चाकणला आहे आणि दारात तीनशे कंत्राटी कामगार आहेत, तर आधी पहिल्या घरी जा. हिंजवडीत आयटीत असाल, तर दुसऱ्या. दोन्हीकडे जाणारे मी फार थोडे पाहिले, आणि जे पाहिले ते सगळ्यांत हुशार होते.

एक गंमत सांगते. १९१३ साली इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राउंट्री चॉकलेट कारखान्यात कामगारांच्या कल्याणाचं काम पाहणाऱ्यांची एक सभा भरली आणि त्यांची संघटना झाली. तीच आजची सीआयपीडी, एचआरवाल्यांची तिथली संघटना, जिची प्रमाणपत्रं परदेशी जाणारी आपली मुलं घेतात. त्या पहिल्या सभासदांत बहुतेक बायका होत्या. सातपूरला मी एकटी बाई होते तेव्हा हे मला कोणी सांगितलं असतं, तर जरा बळ आलं असतं.

परिषदांना मात्र जपून जा. मोठं हॉटेल, गळ्यात दोरीचं कार्ड, स्टेजवर चार जण एकमेकांना शाबासकी देतात, मग जेवण. मी पंचवीस व्हिजिटिंग कार्डं घेऊन परत यायचे आणि सोमवारी त्यातला एकही चेहरा आठवत नसे. लिंक्डइनवर आज तेच चालतं, फक्त जेवण नाही. म्हणून आम्ही पाच जणांनी निराळी सोय केली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जमायचं. येताना एक अडचण आणि कोर्टाचा एक निकाल घेऊन यायचं. वाचून यायचं, फोटोकॉपी करून नव्हे. जो हात हलवत येईल, त्याने पुढच्या वेळी सगळ्यांना मिसळ द्यायची. नऊ वर्षं चाललं ते.

तिथला एक नियम आजच्या पोरांना मुद्दाम सांगते. कामगाराचं नाव काढायचं नाही आणि पगाराचा आकडा बोलायचा नाही. हा नियम आम्ही सुरुवातीला केला नव्हता, एका चुकीनंतर केला. आमच्यातल्या एकाने गप्पांच्या ओघात एका कामगाराचं नाव घेतलं, युनियनबाजी करतो म्हणून. दोन महिन्यांनी तोच माणूस माझ्या गेटवर नोकरीसाठी आला, आणि मी त्याचा अर्ज खाली सरकवला. चांगला फिटर होता. माझ्याच हाताने सरकवला मी. आज प्रत्येक औद्योगिक वसाहतीत एचआरवाल्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. जागा निघाली, चौकशी अधिकारी हवाय, बसवाला हवाय, इथपर्यंत ठीक. पण त्यातच कोणीतरी आधार कार्डाच्या फोटोसकट टाकतो, “याला घेऊ नका.” चार अंगठे वर येतात. त्या माणसाला कधी कळतही नाही की त्याची वसाहतभर फाटकं का बंद झाली. तो मुकादमच आहे, हातात मोबाइल आलाय एवढंच. अशा ग्रुपमध्ये तुम्ही असाल आणि गप्प असाल, तर तुमचाही अंगठा त्यात आहे.

याच ओळखींचा दुसरा उपयोगही आहे. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ ची सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ साली कायदा. दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवी, अर्ध्या तरी बायका हव्यात, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी आणि एक सदस्य बाहेरचा. मशीन शॉपच्या मालकाला हे सांगितलं की तो म्हणतो, “मॅडम, वरिष्ठ बाई आणू कुठून? इथे आहेत त्या पॅकिंगच्या दोघी.” कायद्याने याची वाट ठेवली आहे. आपल्याकडे नसेल, तर अध्यक्ष दुसऱ्या संस्थेतून नेमता येते. पण ती सापडणार कशी? ओळखीतून. मी अशा समित्यांवर बसले. एका ठिकाणी तक्रार करणाऱ्या मुलीने पहिल्यांदा मान वर केली, ती मी त्या मालकाची नोकर नाही हे कळल्यावर. कागदावर बाहेरची नावं घालून ठेवणारे खूप आहेत. नाव घालायच्या आधी त्या बाईबरोबर एकदा चहा घ्या, ती मालकाच्या तोंडावर नाही म्हणेल का, एवढं बघा.

आणि आता तर पुन्हा शाळेत जायची वेळ आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने एकोणतीस कायदे त्यांत मिसळले. मी तोंडी परीक्षेला घोकलेलं ते कलम ४९ गेलं. कल्याण अधिकाऱ्यासाठी कारखान्यात आता पाचशेऐवजी अडीचशे कामगार पुरेत, म्हणजे जिथे हे पद नव्हतं तिथे ते येणार. मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी लागू. आणि वेतनाची व्याख्या अशी, की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक बारीक आणि भत्ते जाड अशा पगारपत्रकांवर ज्यांचे संसार चालले, त्यांना आता बसून हिशेब करावा लागेल. त्या टपरीवरच्या गृहस्थांचं वाक्य आठवतंय ना, बेसिक की भत्ता? तीस वर्षांनी तोच प्रश्न परत आला.

यावर शंभर सेमिनार निघालेत. एकाला जा, बाकीचे पैसे वाचवा. त्यापेक्षा संहिता मुळातून वाचा, नियम वाचा, आणि आपल्या कारखान्यातल्या दहा खऱ्या पगारांवर आकडेमोड करा. जिथे अडेल तिथे खूण करा. ती खूण घेऊन कोणाकडे तरी जा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तुमच्या आधी रांगेत उभा आहे ना, त्याच्या हातातही तसाच कागद असेल. तो परक्या कंपनीचा आहे, कदाचित तुमच्या स्पर्धकाचा. विचारा त्याला. मी विचारलं होतं तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता, आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले होते.

नमस्कार.