चार्ज घेतला तेव्हा काय होतं?

(विलेपार्ल्यात वरिष्ठ पदांसाठी प्रयत्न करणाऱ्या नोकरदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मेगाब्लॉकच्या रविवारी तुमच्यापैकी काही जण बदलापूर, पनवेलहून इथवर आला आहात. म्हणून थेट विषयाला हात घालतो.

कंपन्यांना वरिष्ठ माणसं शोधून देणं हे माझं काम. गेली तीस वर्षं रेझ्युमे वाचतो आहे आणि एक गोष्ट मला अजून बोचते. ज्यांच्या हाताखाली अख्खा कारखाना चालतो, ज्यांच्या एका होकारावर पन्नास घरांच्या चुली अवलंबून असतात, त्यांचा कागद वाचला की वाटतं, हा माणूस फक्त हजेरी लावत होता.

एक उदाहरण देतो. तळोजा एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्याचे प्रमुख. वय पन्नाशीच्या आसपास. जागा होती व्हाइस प्रेसिडेंटची, तीन कारखाने सांभाळायची. त्यांच्या रेझ्युमेत सध्याच्या नोकरीखाली लिहिलं होतं, 'रिस्पॉन्सिबल फॉर' उत्पादन, देखभाल, सुरक्षा, मनुष्यबळ. अशा अकरा ओळी. सगळ्या खऱ्या, पण त्या सगळ्या खुर्चीबद्दल होत्या. त्यांच्या आधी तिथे बसलेल्या माणसालाही त्या लागू होत्या, आणि उद्या जो येईल त्यालाही होतील.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, "साहेब, रेझ्युमे बाजूला ठेवा. तुम्ही चार्ज घेतलात त्या दिवशी तिथे काय होतं?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते बोलायला लागले ते चाळीस मिनिटं. दहांतल्या तीन बॅच बिघडून पुन्हा प्रक्रियेला जायच्या. सगळे कामगारांना दोष देत. यांनी महिनाभर लॉगबुकं चाळली, तेव्हा दिसलं की बहुतेक बॅच मार्च ते जूनमध्ये बिघडतात. मुख्य रिअ‍ॅक्टरचं कूलिंग अपुरं होतं, उन्हाळ्यात तापमान आवरत नव्हतं. यांनी रिअ‍ॅक्टर सहा आठवडे बंद ठेवायचं ठरवलं, तेही ऐन मागणीच्या दिवसांत. सेल्सवाले चिडले, मुख्यालयातून रोज फोन. यांनी आधी साठा करून तीन मोठ्या ग्राहकांचा माल अडू दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात बिघाडाचं प्रमाण दहांत एकाच्याही खाली आलं.

मी विचारलं, "यातलं कागदावर का नाही?" ते म्हणाले, "ते माझं कामच होतं हो. त्यात काय लिहायचं?"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, आपण आपली टिमकी वाजवू नये. संस्कार चांगलाच आहे, मला तो सोडायला सांगायचं नाही. पण कारखाना कोणत्या अवस्थेत मिळाला, तुम्ही काय ठरवलं आणि पुढे काय घडलं, हे सांगणं म्हणजे टिमकी वाजवणं नव्हे. तो हिशेब आहे. ज्याच्या हाती तीन कारखाने सोपवायचे, त्याच्याकडे हिशेब मागण्याचा समोरच्याला हक्क आहे.

मला याचं इतकं का वाटतं, ते सांगतो. माझे वडील कापडगिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, जॉबर म्हणजे मुकादम होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जणांना परत जायला गिरणीच उरली नाही. वडिलांनी भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करायचं ठरवलं. मी दहावीत होतो, अक्षर बरं होतं, म्हणून अर्ज मी लिहिला. 'गिरणीत 22 वर्षांचा अनुभव आहे. प्रामाणिक व कष्टाळू आहे. कृपया संधी मिळावी.' बोलावणं आलं नाही. तो माणूस पाळीच्या सुरुवातीला खात्यात शिरला की नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठला साचा, म्हणजे माग, बिघडणार आहे. कोण गैरहजर राहील याचा अंदाज घेऊन बदली कामगार आधीच दारात उभा करायचा. साचे बंद राहू नयेत म्हणून जे काही करावं लागतं, ते सगळं त्यांना येत होतं. त्यातलं एक अक्षरही मी अर्जात लिहिलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. आज मी तुम्हाला विचारतो आहे.

आता लिहायचं कसं? रेझ्युमे इंग्रजीत जाणार हे खरं, पण पहिला खर्डा मराठीत बोला. लिहू नका, बोला. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि तुमचं काम ठाऊक नसलेल्या घरातल्या कुणाला तरी सांगा. प्रत्येक मोठ्या जबाबदारीबद्दल तीनच गोष्टी: घेतलं तेव्हा काय होतं, मी काय ठरवलं, सोडलं तेव्हा काय झालं. एरवी आपण इंग्रजीत विचार करायला बसलो की सरकारी मराठीतलं 'करण्यात आले' तिथेही शिरतं. काम झालेलं दिसतं, करणारा गायब होतो.

'मी' आणि 'आम्ही' यांचंही बघा. निर्णय तुमचा असेल तिथे 'मी' लिहा. तो पार पाडणारी टीम असेल तिथे टीम लिहा. आणि निर्णय वरच्यांचा असेल तर तो आपल्या नावावर घेऊ नका. या पातळीवर आम्ही तुमच्या जुन्या साहेबांना विचारतो, आणि शक्य असेल तर हाताखाली काम केलेल्यांनाही. एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

तारखांच्या बाबतीत तर काहीच लपत नाही. 2014 पासून प्रॉव्हिडंट फंडाला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक आहे, त्यामुळे कुठल्या नोकरीत कधी लागलात आणि कधी सोडलीत, हे पडताळणीत समोर येतं. एखाद्या कंपनीत संचालक होतात असं लिहिलं तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत डिन, म्हणजे संचालक ओळख क्रमांकावरून, ते तपासता येतं. मध्ये आठ महिने आईच्या आजारपणात घरी होता? एका ओळीत तसं लिहा. दोन नोकऱ्या ताणून मधली जागा बुजवू नका.

आकड्यांकडे वळू. नुसतं 'मोठी टीम' म्हणून चालत नाही. किती माणसं, त्यांतली कायम किती आणि कंत्राटी किती? किती ठिकाणं? तुम्ही कुणाला रिपोर्ट करत होता? आणि फार थोडे लोक लिहितात ती एक गोष्ट: किती रुपयांपर्यंतचा खर्च वर न विचारता तुमच्या सहीने मंजूर होत होता? पदनामापेक्षा हा आकडा जास्त बोलतो. एका कंपनीतला जनरल मॅनेजर दुसऱ्या कंपनीतल्या मॅनेजरइतकाच असू शकतो. सहीची मर्यादा मात्र कंपनीने तुमच्यावर किती विश्वास टाकला ते सांगते. गोपनीय आकडे देऊ नका, त्याऐवजी प्रमाण द्या. 'दहांत तीनवरून एकाखाली' हे कुणाचं गुपित फोडत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिची उलाढाल वार्षिक अहवालात असतेच, ती लिहायला हरकत नाही.

हा कागद वाचणार कोण, याचाही विचार करा. आधी बहुधा सॉफ्टवेअर. मग आमच्यासारख्यांच्या ऑफिसातली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा. मग कंपनीचं एचआर. पद अगदी वरचं असेल, तर 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 178 प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत नामनिर्देशन व मानधन समिती, म्हणजे वरच्या पदांची निवड आणि पगार बघणारी संचालकांची समिती असते, तिच्यापुढेही तो जाऊ शकतो. तिथे एखादे चार्टर्ड अकाउंटंट असतील, एखादे निवृत्त सनदी अधिकारी. त्यांना तुमच्या रिअ‍ॅक्टरचं काही ठाऊक नसतं, पण सहा आठवडे उत्पादन बंद ठेवायची हिंमत आणि त्याआधी केलेला साठा, हे त्यांना पटकन कळतं. म्हणून धंद्यातली संक्षिप्त नावं कमी करा.

मांडणीबद्दल थोडक्यात. दोन पानं, फार तर तीन. चौकटी आणि दोन रकाने टाळा, काही सॉफ्टवेअरना ते नीट वाचता येत नाहीत. मोबाइल नंबर हेडरमध्ये टाकू नका, तो कधी कधी गळतो. फोटो, वडिलांचं नाव, धर्म, विवाहित की अविवाहित, हे सगळं लग्नाच्या बायोडेटात शोभतं, इथून काढा. पहिल्या दहा वर्षांच्या नोकऱ्या एकेका ओळीत. वर 'ऑब्जेक्टिव्ह' नको; त्या जागी चार ओळींत सांगा, तुम्ही कुठल्या प्रकारची अडचण सोडवणारे आहात. तळोज्याच्या त्या साहेबांची पहिली ओळ आम्ही अशी केली: 'बिघडलेली प्रक्रिया माणसांना दोष न देता दुरुस्त करणारा कारखाना प्रमुख.'

अपयशाबद्दल मला आवर्जून बोलायचं आहे. तुमच्यापैकी कुणी युनिट बंद केलं असेल, 2020 च्या टाळेबंदीत माणसं कमी केली असतील. ते लपवावंसं वाटतं. पण कंपन्यांना असाही माणूस हवा असतो ज्याने वाईट दिवस पाहिले आहेत. किती जणांची देणी वेळेवर चुकती केली, कितींना दुसरीकडे लावून दिलं, यंत्रं कुठे हलवली, ग्राहक किती टिकले, ते लिहा. युनिट उभारण्याइतकंच ते नीट बंद करणंही अवघड असतं.

शेवटी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, ती घेतो. 'माझं वय 54. जन्मतारीख काढून टाकू का? पदवीचं वर्षही?' ताई, जन्मतारीख जरूर काढा, तिची गरज नाही. पदवीचं वर्षही काढलं तरी चालेल. पण त्यासोबत सुरुवातीची वर्षं कापून तुम्ही लहान दिसायचा प्रयत्न करणार असाल, तर थांबा. तुम्ही चिठ्ठीत खाली लिहिलंय की 1997 साली नाशिकच्या गोदामात स्टोअर्समध्ये कारकून म्हणून लागलात आणि आज पाच राज्यांतली गोदामं तुमच्याकडे आहेत. नाशिकची ती ओळ मी पहिल्या पानावर घेईन. मला फक्त एवढं सांगा, त्या पाच राज्यांचा चार्ज घेतलात तेव्हा काय होतं?